सगळ्यात छोटा दिवस, लाँग ड्राइव्ह

रविवारी पहाटे चारचा अलार्म लावणाऱ्या माणसांबद्दल माझं आजवर एकच मत होतं. यांना वीकएंड कशाशी खातात ते ठाऊक नाही! पण २१ डिसेंबर २०२५ च्या रविवारी मी स्वतः पावणेचारला उठून, डोक्याला मफलर गुंडाळून, छावणीतल्या आमच्या घराच्या गेटाशी उभी होते. शेजारी दादा गाडीच्या काचेवरचं दव पुसत होता. आई दारातून ओरडत होती, "स्वेटर काढू नका गं, घाटात गारठा असतो." आणि मी मनात म्हणत होते, दोन तास. दोन तास याच्याशी बोलायचं काय?

फंडा असा होता. २१-२२ डिसेंबर म्हणजे वर्षातला सगळ्यात छोटा दिवस. आपल्याकडे तो साधारण १० तास ५६ मिनिटांचा असतो. जूनमधल्या सगळ्यात मोठ्या दिवसापेक्षा जवळपास अडीच तासांनी कमी. (डेडलाइन असलेल्या माणसाला हे अडीच तास कुठे गेले ते नीट कळतं.) या दिवशी सूर्य क्षितिजावर सगळ्यात दक्षिणेला उगवतो. आपल्या भागात नेमक्या पूर्वेपासून सुमारे २५ अंश उजवीकडे. आणि अजिंठ्याचं १९ नंबरचं लेणं नेमकं त्याच दिशेला तोंड करून कोरलेलं आहे, असं वॉल्टर स्पिंक यांचं म्हणणं. मिशिगन विद्यापीठातले हे प्राध्यापक आयुष्यातली कित्येक दशकं अजिंठ्यात रमले. २०१९ मध्ये ते गेले. त्यांनी मांडलं की १९ नंबरच्या चैत्यगृहाचा अक्ष हिवाळ्यातल्या अयनदिनाच्या सूर्योदयाकडे वळवलाय, आणि पलीकडच्या २६ नंबरचा उन्हाळ्यातल्या.

हे मला कुठल्या पुस्तकातून नाही, बाबांच्या वहीतून कळलं.

बाबा भूगोलाचे शिक्षक. आमच्या छावणीतल्या घराच्या गच्चीवर त्यांनी ऑइलपेंटने दोन पावलं रंगवली होती. त्या पावलांवर पाय ठेवून उभं राहायचं आणि पूर्वेच्या कठड्याकडे पाहायचं. कठड्यावर तीन उभ्या रेघा. डावीकडची 'जून', मधली 'मार्च-सप्टेंबर', उजवीकडची 'डिसेंबर'. वर्षभर सूर्य 'जून' आणि 'डिसेंबर'च्या मध्ये शटल सर्व्हिस करतो. लहानपणी आम्हाला वाटायचं की रेघा बाबांनी मारल्यात म्हणून सूर्य तिथे येतो. दरवर्षी २२ डिसेंबरला सकाळी सातला आम्हा दोघांना गच्चीवर उभं केलं जायचं आणि दरवर्षी बाबा म्हणायचे, "पुढच्या वर्षी अजिंठ्याला जाऊ. १९ नंबर." मग दादाची दहावी आली, माझी बारावी आली, मास कॉम आलं, दादाची पुण्यातली नोकरी आली. बाबा मागच्या फेब्रुवारीत गेले. अजिंठा राहिलाच.

आता खरं टेन्शन सांगते. दादाला घर विकायचंय. पुण्यातल्या फ्लॅटचा ईएमआय, आईचे गुडघे, गच्चीचा गळका स्लॅब, सगळी कारणं तो एक्सेल शीटमध्ये घालून पाठवतो. गिऱ्हाईक आहे, जानेवारीत उत्तर हवंय. मी फ्रीलान्सर, माझ्या उत्पन्नाची एक्सेल शीट केली तर ती हसेल. त्यामुळे माझ्याकडे त्याच्या आकड्यांना उत्तर नव्हतं. मी काय केलं? फोन उचलणं बंद केलं. चार महिने. व्हॉट्सअ‍ॅपवर आईच्या औषधांपुरते 'ओके' आणि 'घेतलं'. मग डिसेंबरात त्याचाच मेसेज आला, 'एकवीसला येतोय. १९ नंबरला जायचं का?' मी अर्धा तास विचार करून उत्तर दिलं, 'ओके'.

तर निघालो. फुलंब्री गेलं, कोणी काही बोललं नाही. सिल्लोडला टपरीवर चहा घेतला तेव्हा दादा म्हणाला, "कटिंग?" मी म्हणाले, "फुल." एवढाच संवाद. बाहेर अंधारात कपाशीची शेतं होती, मध्येच उघड्या खिडकीतून शेकोटीच्या धुराचा वास. गोळेगावच्या पुढे मी सहज मोबाइलवर लेण्यांची वेळ पाहिली आणि माझ्या पोटात गोळा आला.

लेणी उघडतात नऊला.

सूर्य उगवणार सातला! मी स्वतःला पत्रकार म्हणवते. लोकांना 'वीकएंडला कुठे जाल' सांगते. आणि सूर्योदय बघायला निघताना तिकीटखिडकीची वेळ बघितली नव्हती. मी घाबरतच दादाला सांगितलं. वाटलं, आता 'प्लॅनिंग' या विषयावर एक लेक्चर. तो दोन मिनिटं गप्प राहिला, मग खो-खो हसायला लागला. "मी पण नाही पाहिली गं. मी फक्त सोमवार बंद असतो एवढंच पाहिलं, म्हणून बावीसच्या ऐवजी एकवीस धरली." प्रोजेक्ट मॅनेजर आहे हा माणूस!

एकवीस की बावीस, याने तसा फरक पडत नाही, हे बाबांनी आम्हाला शिकवलं होतं. मार्च-सप्टेंबरच्या सुमारास सूर्योदयाची जागा रोज जवळपास सूर्याच्या स्वतःच्या रुंदीएवढी सरकते. पण डिसेंबरच्या या टोकाशी आली की ती मंदावते. २१ च्या आधीचे किंवा नंतरचे पाच दिवस धरले तर सगळी मिळून सूर्याच्या रुंदीच्या जेमतेम पाचव्या हिश्शाएवढी. डोळ्यांना सूर्य थबकल्यासारखाच वाटतो. वळण्याआधी गाडीचा वेग कमी करावा तसा. इंग्रजी 'सॉल्स्टिस' शब्दाचं लॅटिन मूळही तेच सांगतं, सूर्याचं थांबणं. आपण म्हणतो अयन, म्हणजे जाणं. त्यांना थांबणं दिसलं, आपल्याला पुढचा प्रवास. अर्थात दोन्ही खरंच.

मग आम्ही घाट उतरायच्या आधीच व्ह्यू पॉइंटचा रस्ता धरला. लेण्यांच्या समोर, वाघूर नदीच्या दरीपलीकडे ही जागा आहे. २८ एप्रिल १८१९ ला जॉन स्मिथ नावाचा इंग्रज लष्करी अधिकारी शिकारीला आला असताना या बाजूने त्याला पलीकडच्या कड्यात लेण्याची कमान दिसली, ती गोष्ट तुम्ही शाळेच्या सहलीत ऐकली असेल. (त्याने १० नंबरच्या लेण्यातल्या खांबावर आपलं नाव आणि तारीखही कोरून ठेवली. भिंतीवर बदाम काढणाऱ्यांची परंपरा जुनी आहे.)

पोचलो तेव्हा पूर्वेला नुसती केशरी कड होती. कड्याच्या पोटात ती सगळी लेणी, घोड्याच्या नालेसारखी वळलेली ओळ, काळी-राखाडी. खाली वाघूर बारीक झालेली. सात वाजले. आमच्या मागे आभाळ उजळलं, पण लेणी सावलीतच. दरी खोल आहे. सूर्याला समोरच्या टेकड्या ओलांडून यायला वेळ लागतो. आम्ही कुडकुडत उभे. आणि मग पलीकडच्या कड्याच्या अगदी माथ्यावर उन्हाची एक पिवळी रेघ पडली. ती रेघ खाली उतरायला लागली. सावकाश. सूर्य वर चढत होता, म्हणून ऊन खाली उतरत होतं. हे मला पाठ्यपुस्तकातून कळलेलं होतं, पण बघितलं आत्ता. एकेक लेण्याचं कपाळ उजळत गेलं. १९ नंबरची ती मोठी कमान ओळखू आली तेव्हा दादा म्हणाला, "ते बघ." एवढंच. बाबांच्या टोनमध्ये.

आईने डब्यात तिळाच्या वड्या दिल्या होत्या. गुरुवारी छावणीच्या बाजारातून तीळ-गूळ आणून केलेल्या. मी म्हणाले, "संक्रांतीला अजून वेळ आहे की." दादा म्हणाला, "नाही. खरी संक्रांत आजच."

हे बरोबर आहे बरं का! उत्तरायण खरं सुरू होतं ते आत्ता, डिसेंबरात. भीष्माने शरपंजरी ज्याची वाट पाहिली ते उत्तरायण हेच. आपली मकरसंक्रांत मात्र ताऱ्यांच्या हिशोबाने मोजतात आणि पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा हळूहळू डोलत असल्यामुळे हे दोन हिशोब साधारण ७० वर्षांना एक दिवस या वेगाने एकमेकांपासून दूर सरकत गेलेत. आज ते अंतर २४ दिवसांच्या आसपास आहे. उलटं मोजत गेलं तर अजिंठ्यात १९ नंबर कोरलं जात होतं त्या काळी, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, ते जेमतेम दोन-तीन दिवसांचं होतं. एका घरातल्या दोन भावंडांसारखं. सुरुवात एकाच जागेवरून, कोणी मुद्दाम काही केलेलं नाही, आणि बघता बघता अंतर पडतं.

(हे शेवटचं वाक्य मी तिथे बोलले नाही. आत्ता लिहिताना सुचलं. तिथे मी फक्त वडी खाल्ली.)

नऊला आम्ही खाली फर्दापूरच्या टी-पॉइंटवर गाडी लावली, तिथून एसटीच्या बसने लेण्यांपाशी गेलो. सरळ १९ गाठलं. सूर्य तोवर बराच वर आणि दक्षिणेकडे सरकला होता. स्तूपापर्यंत पोचणारा तो पहिला किरण आमचा हुकलाच. पण दर्शनी भाग उन्हात न्हाऊन निघाला होता. ती घोड्याच्या नालेच्या आकाराची कमान, दोन्ही बाजूंचे यक्ष, बाजूच्या भिंतीतले नागराज आणि नागराणी. दारातून उन्हाची एक तिरपी पट्टी आत जमिनीवर पडली होती. पलीकडे अंधारात एका दगडातला स्तूप, त्यावर उभे बुद्ध, वर एकावर एक तीन छत्र्या, जवळपास छताला टेकलेल्या. त्या पट्टीकडे बघून कळत होतं की तीन तासांपूर्वी ती कुठे असेल. सूर्याने आमच्यासाठी थांबायला हवं होतं, असं काही नाही.

१९ नंबरची गोष्ट मात्र सूर्याएवढीच मोठी आहे आणि ती शेजारच्या १७ नंबरच्या शिलालेखात आहे. लेख बराच झिजलाय. त्यात एका स्थानिक राजाने हे विहार कोरवल्याचं आणि त्याच्या पश्चिमेला भव्य गंधकुटी उभारल्याचं म्हटलंय. ती गंधकुटी म्हणजेच १९ नंबर, असं अभ्यासक मानतात. स्पिंक या राजाला उपेंद्रगुप्त म्हणतात. त्याला एक धाकटा भाऊ होता, रविसांब. तो अकाली गेला. दुःखाने राजाचं मन संसारावरून उडालं आणि त्याने दानधर्माचा हा मार्ग धरला, असं तो लेख सांगतो. गंमत म्हणजे पलीकडचं २६ नंबरसुद्धा कुणाच्या तरी आठवणीचं आहे. बुद्धभद्र नावाच्या भिक्षूने ते अश्मक राजाचा अमात्य भव्विराज याच्या सन्मानार्थ कोरवलं. अनेक जन्मांचा मित्र, असं त्याने त्याच्याबद्दल लिहवून घेतलंय. स्पिंक यांच्या मते ही दोन राज्यं एकमेकांची वैरी होती आणि त्यांच्या भांडणात इथलं काम काही काळ बंदही पडलं. म्हणजे बघा. भांडणाऱ्या दोन घराण्यांची दोन चैत्यगृहं. एक भावासाठी, एक मित्रासाठी. एकाचं तोंड सगळ्यात छोट्या दिवसाकडे, दुसऱ्याचं सगळ्यात मोठ्या दिवसाकडे.

मी हे सगळं दादाला गाइडच्या थाटात सांगितलं. तो स्तूपाकडे बघत म्हणाला, "भाऊ गेल्यावर एवढं मोठं देऊळ बांधलं. असताना बोलायचे का एकमेकांशी?"

मी म्हणाले, "शिलालेखात नाहीये."

मग आम्ही बाहेर पायरीवर बसलो आणि बोललो. चार महिन्यांचं. सगळं इथे लिहीत नाही. एवढंच सांगते की मला वाटत होतं त्याला घराचं काही वाटत नाही, आणि त्याला वाटत होतं मला आईच्या गुडघ्यांचं काही वाटत नाही. दोघंही चुकीचे. पुण्याच्या फ्लॅटच्या बाल्कनीतून त्याला फक्त समोरच्या विंगची बाल्कनी दिसते. तो म्हणाला, "मला तिकडे पूर्व कुठेय तेच माहीत नाही." हे त्याच्या एक्सेल शीटमध्ये नव्हतं.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी बावीसला, अजिंठा बंद. (भारताच्या राष्ट्रीय सौर दिनदर्शिकेत हा दिवस १ पौष असतो; १९५७ पासून ही दिनदर्शिका अधिकृत आहे, आणि ती बघणारे बाबा सोडून मला कोणी भेटलेलं नाही.) आम्ही दोघं सातला गच्चीवर. पावलांचा रंग उडालाय, पण दिसतात. आधी मी उभी राहिले, मग दादा. त्याचे पाय आता बाबांच्या पावलांपेक्षा मोठे आहेत. छावणीतल्या घरांवर नाताळच्या चांदण्या अजून पेटलेल्या होत्या. झाडांच्या मागून सूर्य आला आणि कठड्यावरच्या उजव्या रेघेवर बसला. अगदी बरोब्बर. ज्याच्यासाठी आम्ही येऊन-जाऊन दोनशे किलोमीटर गेलो होतो, ते घरी फुकट होतं, तिकीटखिडकीशिवाय.

माझा घसा दाटला. म्हटलं, "ह्या रेघा नेता येणार नाहीत दादा."

तो बराच वेळ कठड्याकडे बघत राहिला. म्हणाला, "नेता येणार नाहीत. पण परत मारता येतील. जिथे पूर्व उघडी असेल तिथे. एक वर्ष लागेल फक्त."

खरं आहे. एक वर्ष. जून, सप्टेंबर, डिसेंबर, मार्च. बाबांनीही तसंच केलं असणार, कोणीतरी त्यांच्या हातात रेघा आणून दिल्या नव्हत्या. मला हे उत्तर आवडलं नाही आणि चुकीचंही वाटलं नाही.

खाली आलो तर आई चहा गाळत होती. आणि तेव्हा लक्षात आलं की चार महिने आम्ही आईसाठी भांडत होतो आणि आईला कोणी विचारलंच नव्हतं! दादाने विचारलं. आई म्हणाली, "जिना मला चढवत नाही हे खरंय. दोन वर्षं मी गच्ची पाहिलेली नाही." मग कप पुढे सरकवत म्हणाली, "पण जानेवारीत उत्तर द्यायचं कोणी ठरवलं? त्या माणसाला सांग, संक्रांत होऊ दे. मग मी सांगते."

कोणती संक्रांत, असं मी विचारणार होते. दादाने टेबलाखालून पाय मारला.

जाता जाता, तुमच्यासाठी. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. आपल्या शहराचं अधिकृत नाव २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर झालंय. इथून अजिंठा सुमारे १०० किलोमीटर, पहाटे निघालात तर दोन-अडीच तास. सूर्योदय पाहायचा तर व्ह्यू पॉइंट, लेणी नऊनंतर. एवढं लांब नको असेल तर मार्चच्या दहा तारखेच्या आसपास संध्याकाळी वेरूळच्या १० नंबरला जा. ते पश्चिमेला तोंड करून आहे आणि मावळतीचं ऊन आतल्या बुद्धमूर्तीपर्यंत पोचतं, कोल्हापूरच्या अंबाबाईच्या किरणोत्सवासारखं. आयर्लंडमधल्या न्यूग्रेंजला, पाच हजार वर्षांपूर्वीच्या थडग्यात, आजच्यासारख्या सकाळी हाच खेळ होतो. तिथे आत उभं राहायला मिळावं म्हणून लोकांना लॉटरीत नाव घालावं लागतं. आपल्याकडे अजून तशी वेळ आलेली नाही.

आणि डिसेंबर हुकला म्हणून हळहळू नका. दिवस मोठा व्हायला लागला तरी जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उलट थोडा थोडा उशिराच उगवतो. म्हणजे उशिरा उठणाऱ्यांना अजून संधी आहे. एक खडू घ्या, गच्चीवर उभं राहायची एक जागा ठरवा आणि सूर्य दिसेल तिथे रेघ मारा. शेजारी कोणाला उभं करायचं, ते तुमचं तुम्ही बघा. मी या वर्षी फोन उचलायचं ठरवलंय.